जुन्या संगणकांवर प्रोग्राम लिहिण्यासाठी साधा एडिटर का लागे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत व्यक्तिगत संगणकांच्या सुरुवातीच्या दिवसांवर आलेला लेख आस्थेने वाचला. यंत्रे, त्यांच्या किमती, त्यांवरचे खेळ आणि बेसिक भाषा यांची माहिती त्यात चांगली आली आहे. मात्र त्या काळी प्रोग्राम लिहिण्यासाठी कोणताही वर्ड प्रोसेसर चालत असे, त्यामुळे एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्या-दुरुस्त करण्याचा प्रोग्राम, कोणता निवडायचा हा प्रश्नच नव्हता, असे एक विधान ओघात येऊन गेले आहे. त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्या आणि पुढे अनेक वर्षे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ते मान्य होण्यासारखे नाही. भाषा आणि कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) बहुधा कामानेच ठरवून दिलेले असत; एडिटर मात्र ज्याने त्याने निवडायचा असे, आणि दिवसभरात किती काम होईल हे पुष्कळसे त्या निवडीवर अवलंबून असे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

त्या काळातला सर्वांत गाजलेला वर्ड प्रोसेसर म्हणजे वर्डस्टार. सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी तो लिहिला, १९७८ मध्ये तो सीपी/एम या कार्यप्रणालीवर आला आणि पुढे आयबीएम पीसीवरही पोचला. त्यात असंख्य लोकांनी प्रोग्राम लिहिले, हे अगदी खरे. पण वर्डस्टार सुरू केल्यावर जो पहिला मेनू दिसे, त्यात फाइल उघडण्याचे दोन वेगळे पर्याय असत. ‘डी’ दाबले की फाइल डॉक्युमेंट म्हणून उघडे आणि ‘एन’ दाबले की नॉन-डॉक्युमेंट म्हणून. हा दुसरा पर्याय मुख्यतः प्रोग्राम आणि आकडेवारीच्या फाइलींसाठी होता, आणि तो का ठेवावा लागला हे समजून घेतले की लेखातील विधान कुठे घसरते ते दिसते.

इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे आस्की संकेतानुसार सात बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक ठेवणाऱ्या सात घरांत, मावतात. बाइट आठ बिटांचा असतो, म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक बिट मोकळा राहतो. डॉक्युमेंट पद्धतीत वर्डस्टार हा मोकळा बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरत असे. शब्द कुठे संपला, ओळ लिहिणाऱ्याने एंटर दाबून तोडली आहे की समास भरल्यामुळे आपोआप तुटली आहे, याची नोंद तो त्या बिटात ठेवी, म्हणजे पुढे परिच्छेद पुन्हा जुळवताना त्याला ती वापरता येई. पत्र छापणाऱ्याला याची जाणीवही होत नसे, कारण वर्डस्टारच्या पडद्यावर सगळे नीट दिसे. तीच फाइल कंपायलरपुढे गेली की मात्र शब्दाचे शेवटचे अक्षर त्याला ओळखूच येत नसे, आणि डोळ्यांना निर्दोष दिसणाऱ्या ओळीवर चूक असल्याचा संदेश येई. पीसीवर तीच फाइल ‘टाइप’ आज्ञेने पडद्यावर आणली, तर शब्दांच्या टोकांना ग्रीक अक्षरे आणि चौकटींचे तुकडे दिसत. सीपी/एमवर यावर एक उपाय होता: ‘पिप’ या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला ‘झेड’ हा पर्याय दिला की तो प्रत्येक बाइटचा आठवा बिट शून्य करून देई. असा उपाय कार्यप्रणालीबरोबरच मिळत होता, ही माझ्या मते फार मोलाची सोय होती.

नॉन-डॉक्युमेंट पद्धतीत हे सारे बंद असे. ओळी आपोआप तुटत नसत, उजवा समास सरळ केला जात नसे, पानाच्या खुणा पडद्यावर येत नसत, आणि वरच्या पट्टीत पान क्रमांकाऐवजी आपण फाइलच्या कितव्या अक्षरावर आणि कितव्या ओळीवर आहोत ते दिसे. तेव्हा वर्डस्टारमध्ये प्रोग्राम लिहिणारे लोक त्यातला वर्ड प्रोसेसर बंद ठेवून, उरलेला साधा एडिटर वापरत होते. लेखातील विधान इथे दुरुस्त व्हायला हवे, कारण आज हौसेने जुनी यंत्रे चालवू पाहणारा एखादा तरुण ते वाचून ‘डी’ दाबील आणि कंपायलरचा दोष शोधत बसेल.

कार्यप्रणालीबरोबर जे एडिटर येत, त्यांचा उल्लेख लेखात नाही. सीपी/एमबरोबर ‘एड’ नावाचा एडिटर असे. त्यात फाइल उघडली तरी आधी काहीच दिसत नसे. ओळी स्मृतीत आणण्याची आज्ञा वेगळी, त्या पडद्यावर दाखवण्याची वेगळी, आणि एक अदृश्य निर्देशक मजकुरात कुठे आहे ते सतत मनात ठेवावे लागे. आयबीएम पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीबरोबर ‘एडलिन’ आला. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये तो दोन आठवड्यांत लिहिला होता आणि तो जेमतेम सहा महिने लागेल अशी त्यांची अपेक्षा होती; प्रत्यक्षात तो एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत सोबत राहिला. एडलिनमध्ये तारांकित खूण येई आणि आज्ञा देणे सुरू होई: ‘एल’ने ओळी दाखवायच्या, ‘आय’ने नव्या ओळी घालायच्या, ‘डी’ने काढायच्या, ओळीचा क्रमांक दिला की ती एक ओळ दुरुस्तीला समोर येई, ‘ई’ने जतन करून बाहेर पडायचे आणि ‘क्यू’ने जतन न करता. पूर्ण पडदाभर मजकूर पाहत, बाणांच्या कळांनी त्यात फिरत लिहिणे त्यात नव्हतेच.

एडलिनची थट्टा करण्याची पद्धत आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. तो काही किलोबाइटांचा होता. प्रत्येक डॉस यंत्रावर तो हमखास सापडे. फाइल स्मृतीत मावत नसेल तर उपलब्ध स्मृतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत ती भरून तो थांबे, आणि झालेला भाग डिस्कवर लिहून पुढचा आणण्याची सोय देई. जुनी प्रत तो वेगळ्या नावाने राखून ठेवी. शिवाय कंपायलर जेव्हा केवळ ओळ क्रमांक सांगून चूक दाखवत, तेव्हा ओळ क्रमांकांवर चालणारा एडिटर त्या कामाला नेमका जुळत असे. हे क्रमांक फाइलमध्ये लिहिलेले नसत, मध्ये ओळ घातली की पुढचे सगळे सरकत, म्हणून चुकांची यादी हातात घेऊन फाइलच्या शेवटाकडून सुरुवातीकडे दुरुस्त्या करत येणे शहाणपणाचे असे. पाचपन्नास ओळींच्या कामासाठी, किंवा यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या फाइलींत एखादी ओळ बदलण्यासाठी एडलिन पुरेसा होता. ‘कॉपी कॉन’ने थेट कळफलकावरून फाइल तयार करणे त्याहून सोपे वाटे, पण एंटर दाबलेली ओळ त्यात पुन्हा हाताशी येत नसे. पाचशे ओळींचा प्रोग्राम एडलिनमध्ये लिहिणे मात्र कष्टाचे होते, हे मीही नाकारत नाही.

निवडीमागचे खरे कारण समजायला यंत्राकडे पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर होता आणि मूळ रचनेत स्मृती १६ किलोबाइट इतकी कमी असू शके. पहिल्या फ्लॉपीवर १६० किलोबाइट मावत. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर दोन्ही बाजूंच्या फ्लॉपीची क्षमता ३६० किलोबाइट झाली. हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रावर एका कप्प्यात कंपायलरची फ्लॉपी आणि दुसऱ्यात आपल्या प्रोग्रामची फ्लॉपी ठेवून काम चाले. एडिटर सुरू करायचा, दुरुस्ती करायची, जतन करून बाहेर पडायचे, कंपायलर चालवायचा, बहुतेक वेळा त्याचा दुसरा टप्पाही चालवायचा, मग तयार झालेले तुकडे जोडणारा लिंकर, आणि मध्ये कुठे अर्धविराम राहिला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. या फेऱ्यात एडिटर दोनदा आडवा येई, एकदा सुरू होताना आणि एकदा बंद होताना. जो एडिटर स्वतःचे तुकडे फ्लॉपीवरून पुन्हा पुन्हा आणत असे, तो प्रत्येक फेरीला काही सेकंद खात असे, आणि दिवसाकाठी अशा फेऱ्या पुष्कळ होत.

वर्डस्टारची हीच अडचण होती. त्याचे आज्ञांचे भाग वेगळ्या ओव्हरले फाइलींत असत आणि गरज पडेल तेव्हा डिस्कवरून येत. फाइल स्मृतीत मावायलाच हवी असे त्याचे बंधन नव्हते, हा त्याचा मोठा गुण; परंतु त्यासाठी तो डिस्कवरच तात्पुरत्या प्रती ठेवी, जुनी प्रतही राखे, आणि फ्लॉपी अर्धीअधिक भरलेली असताना मोठी फाइल जतन करायला गेले की डिस्क भरल्याचा संदेश येई. याउलट सबंध फाइल स्मृतीत ठेवणारे एडिटर झपाट्याने चालत, पण त्यांना फाइलच्या आकाराची मर्यादा असे. पडद्याचाही प्रश्न होता. ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळी म्हणजे दोन हजार अक्षरे. ती यंत्रातच बसवलेल्या बायॉस या मूळ प्रोग्रामच्या मार्फत एकेक करून लिहिणारा एडिटर पान सरकवताना मंद वाटे, आणि पडद्याच्या स्मृतीत थेट लिहिणारा एडिटर क्षणात पान बदलून दाखवी. मात्र असा थेट लिहिणारा एडिटर आयबीएमशी पूर्ण सुसंगत नसलेल्या यंत्रावर चालेलच याची खात्री नसे.

हे सारे ध्यानात घेतले की नोव्हेंबर १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने ४९.९५ डॉलरला विकायला काढलेल्या टर्बो पास्कल या पास्कल भाषेच्या कंपायलरने प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे आयुष्य का बदलले ते कळते. अन्य कंपायलरांसाठी तेव्हा कित्येक शे डॉलर मोजावे लागत. अँडर्स हाइल्सबर्ग यांनी लिहिलेल्या या कंपायलरच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते त्याची खरी करामत अशी, की एडिटर, कंपायलर आणि प्रोग्राम चालवण्याची सोय हे तिन्ही एकाच प्रोग्रामात होते आणि तिसऱ्या आवृत्तीतही तो प्रोग्राम चाळीस किलोबाइटांच्या आत होता. चूक सापडली की कंपायलर तिथेच थांबे, एस्केप दाबले की एडिटर उघडे आणि कर्सर नेमका चुकीच्या जागी उभा असे. ओळ क्रमांक कागदावर टिपून ठेवणे संपले. तो एडिटर मुद्दामच साधा ठेवलेला होता: एकच फाइल, तीही ६४ किलोबाइटांच्या आत, आणि आज्ञा वर्डस्टारच्या. एक धोका मात्र होता आणि तो शिकवताना आम्ही पहिल्याच दिवशी सांगत असू. प्रोग्राम स्मृतीतच तयार होऊन तिथेच चाले, म्हणून तो बिघडून यंत्र अडकले की जतन न केलेला मजकूरही जाई. चालवण्याआधी जतन करण्याची सवय अनेकांना तिथेच लागली.

आज्ञा वर्डस्टारच्या असणे ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, पण निवड करताना तिचे वजन मोठे होते. बाणांच्या कळा अनेक जुन्या टर्मिनलांवर नसत किंवा वेगवेगळे संकेत पाठवत, म्हणून वर्डस्टारने डाव्या हाताखालच्या ई, एस, डी आणि एक्स या कळा कंट्रोलसह वर, डावीकडे, उजवीकडे आणि खाली जाण्यासाठी घेतल्या. कंट्रोल-के-बी आणि कंट्रोल-के-के यांनी मजकुराचा तुकडा बांधायचा, कंट्रोल-के-व्ही ने हलवायचा, कंट्रोल-के-सी ने त्याची नक्कल करायची, कंट्रोल-क्यू-एफ ने शोधायचे, कंट्रोल-वाय ने ओळ पुसायची. हेच सारे टर्बो पास्कलमध्ये, बोरलँडच्याच साइडकिक या स्मृतीत मुक्काम ठोकणाऱ्या टिपणवहीत आणि नंतरच्या टर्बो सी मध्ये कायम राहिले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी++ चा निळा पडदा एकविसाव्या शतकातही बरीच वर्षे दिसत होता, आणि त्यावर कंट्रोल-वाय दाबून ओळ पुसणाऱ्या विद्यार्थ्यांचे हात १९७८ मधल्या एका वर्ड प्रोसेसरच्या आज्ञा गिरवत होते. एकदा हाताला बसलेला एडिटर दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या यंत्रावर तसाच मिळणे, ही त्या काळात मोठी बचत होती.

बेसिकविषयी लेखात पुष्कळ आहे, त्यामुळे एवढेच सांगतो की कमोडोर ६४ किंवा बीबीसी मायक्रो यांसारख्या यंत्रांत निवडीचा प्रश्न कमी होता, कारण एडिटर बेसिकच्या आतच होता. पीसीवरील जीडब्ल्यू-बेसिक प्रोग्राम जतन करताना त्याचे शब्द आखूड संकेतांत बदलून ठेवी. ती फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडायची असेल, तर जतन करण्याच्या आज्ञेपुढे स्वल्पविराम आणि ‘ए’ लिहावे लागे.

डीबेस या नोंदी सांभाळण्याच्या प्रोग्रामकडे मात्र लेखात लक्ष गेलेले नाही, आणि आपल्याकडच्या कार्यालयांत व हिशेबाच्या कामात तर डीबेसचा वापर फार होता. त्यातल्या ‘मॉडिफाय कमांड’ने एक छोटा एडिटर उघडे. डीबेस थ्री प्लसमध्ये त्याची मर्यादा सुमारे पाच हजार अक्षरांची होती, म्हणजे पगारपत्रकाचा जरा मोठा प्रोग्राम त्यात मावतच नसे. जाणकार लोक डीबेसच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘टेडिट’ या शब्दापुढे आपल्या आवडीच्या एडिटरचे नाव लिहीत, मग तीच आज्ञा दिली की तो बाहेरचा एडिटर उघडे. स्मृती पुरेशी असली पाहिजे एवढीच अट, कारण डीबेस तेवढा वेळ स्मृतीतच असे. लहान एडिटर शोधण्याचे हे आणखी एक अगदी व्यावहारिक कारण. बॉब वॉलेस यांचा पीसी-राइट आणि सॅमी मिशेल यांचा क्यू-एडिट हे नक्कल करून वाटायला परवानगी असलेले, पसंत पडल्यास पैसे पाठवा अशा बोलीवर मिळणारे प्रोग्राम या शोधात अनेकांना सापडले, आणि दोन्ही साधा मजकूर लिहीत.

मराठी वाचकांसाठी आठव्या बिटाची कथा इथेच संपत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेने जिस्ट कार्ड हे संगणकात बसवायचे भारतीय लिपींचे कार्ड आणले, तेव्हा डॉसवरच्या साध्या प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता-वाचता येऊ लागली. त्यामागे असलेला इस्की हा संकेत, जो १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला, भारतीय लिपींची अक्षरे बाइटच्या २५६ मूल्यांपैकी १२८ च्या वरच्या अर्ध्या भागात ठेवतो, म्हणजे आठवा बिट लावलेल्या जागांत. जो एडिटर तो बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरतो किंवा साफ करून टाकतो, तो देवनागरीचा चुराडा करतो. जो एडिटर बाइटला हात लावत नाही, जसा आला तसा ठेवतो, त्यातच डीबेसच्या प्रोग्रामात ग्राहकाचे नाव, गाव आणि अहवालाचे शीर्षक मराठीत लिहिता येत असे. एडिटर साधा असण्याचा आग्रह हा केवळ जुन्या प्रोग्रामरांचा हट्ट नव्हता, मराठीतून काम करण्याची ती पूर्वअट होती. माझ्या दृष्टीने लेखात राहून गेलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

आज जुनी यंत्रे दुरुस्त करून किंवा आजच्या संगणकावर डॉस चालवून दाखवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ती वातावरणे उभी करून प्रोग्राम लिहू पाहणारी मुलेमुली आहेत, आणि आपला लेख त्यांनी वाचला असेल. यंत्रावर जून १९९१ मध्ये आलेला एमएस-डॉस ५ किंवा त्यानंतरची ६.२२ पर्यंतची आवृत्ती असेल, तर तिच्यातील ‘एडिट’ घ्यावा. मात्र तो स्वतंत्र एडिटर नसून क्यूबेसिकचाच एक चेहरा आहे, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी क्यूबेसिकची फाइल पुसली तर एडिटही बंद पडतो. त्याआधीचे आणि कमी स्मृतीचे यंत्र असेल, तर टर्बो पास्कलच्या तिसऱ्या आवृत्तीचा एडिटर अन्य भाषांतील फाइली लिहायलाही चांगला आहे, आणि क्यू-एडिट मिळाला तर अधिकच चांगले. कोबोल किंवा फोरट्रान या जुन्या भाषांत लिहायचे असेल, तर कर्सर कितव्या स्तंभात आहे ते दाखवणाराच एडिटर घ्यावा, कारण फोरट्रानचे विधान सातव्या स्तंभापासून बहात्तराव्यापर्यंतच वाचले जाते आणि टॅब किती जागा घेतो यावर सारे बिघडू शकते.

कोणताही अनोळखी एडिटर हाती आला, तर त्यात तीन छोट्या ओळींची फाइल लिहून जतन करावी आणि ‘डिर’ या फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने तिचा आकार पाहावा. तो एकूण अक्षरे, अधिक प्रत्येक ओळीमागे दोन बाइट एवढा आला पाहिजे. शेवटी कंट्रोल-झेडची खूण भरून फाइल १२८ बाइटांच्या पटीत नेणारे काही जुने एडिटर आहेत. सीपी/एमच्या काळातली ती प्रथा आहे आणि डॉसवरचे कंपायलर सहसा त्याला हरकत घेत नाहीत. याहून जास्त बाइट दिसले, किंवा ‘टाइप’ने पाहताना आपण न लिहिलेली चिन्हे दिसली, तर तो एडिटर पत्रांसाठी ठेवावा आणि प्रोग्रामसाठी दुसरा शोधावा.

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक शिक्षक, पुणे